नेतृत्वगुण

फिजीतल्या त्या हॉटेलात मेरेसेइनी चौदा वर्षं खोल्या आवरत होती. मुकादमाची जागा निघाली, तशी तीही मुलाखतीला बसली. समोर एकटे हॉटेलचे मॅनेजर डंकन साहेब.

"गेल्या वर्षीच्या वादळात हॉटेलात पाणी शिरलं, तेव्हा काय केलंत?"

"आम्ही सगळ्या पाहुण्यांना चर्चमध्ये नेलं, साहेब. आम्ही तीन दिवस कसाव्याचे कंद उकडून त्यांना जेवू घातलं."

"'आम्ही' नको. तुम्ही स्वतः काय केलंत, ते सांगा."

कमरेला दोर बांधून छातीभर पाण्यात सगळ्यांच्या पुढे तीच उतरली होती. पण हे आपल्याच तोंडानं सांगायचं? तिच्या गावात असल्या फुशारकीला पोरंसोरंही हसतात.

"आम्हीच केलं, साहेब," ती खाली बघत म्हणाली.

साहेबांनी कागदावर फुली मारली.

आठवड्यानं त्यांनी तिला परत बोलावलं. "माफ करा, पण आम्ही दुसऱ्याला निवडलंय. आम्हाला तुमच्यात नेतृत्वगुण दिसले नाहीत."

मेरेसेइनीनं खोलीभर नजर फिरवली. समोर डंकन साहेब एकटेच होते. चौदा वर्षांत पहिल्यांदाच तिनं त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"'आम्ही' नको, साहेब. तुम्ही स्वतः काय ठरवलंत, ते सांगा."