मागची जागा

“आधी वाघ चढवा,” बबनराव म्हणाले. “कवडूले मागून बैलगाडीनं आणा.”

रान उठवायला आलेले हाकेवाले जागचे हलले नाहीत. त्यांच्यातलाच कवडू मोहाच्या झाडाखाली आडवा पडला होता. वाघानं त्याची मांडी पार गुडघ्यापर्यंत फाडली होती. त्याचा थोरला भाऊ सोनबा आपलं धोतर फाडून ते जखमेवर दाबून बसला होता. जरा पलीकडे वाघ मरून पडला होता. माश्या दोघांवरही सारख्याच बसत होत्या.

बबनरावांचा ड्रायव्हर रूपराव जीपच्या स्टिअरिंगमागं बसून हे पाहत होता. पहिली गोळी बबनरावांनी घाईनं झाडली होती. वाघ जखमी होऊन झुडपात शिरला. मग तो मेला की नाही ते पाहायला त्यांनी कवडूच्या हातात नुसती काठी देऊन त्याला आत पाठवलं, आणि आपण बंदूक घेऊन जीपवर चढून उभे राहिले. त्यांची दुसरी गोळी वाघाला लागली ती त्यानं कवडूला धरल्यावर.

बबनराव जंगलाचे ठेकेदार. लढाईनंतर लष्कराचा जुना माल नागपुरात लिलावात निघाला, तेव्हा त्यांनी वायरलेसचे सेट घ्यायचं ठरवलं. एक जीपला, एक जंगलातल्या तळावर. रूपराव ब्रह्मदेशात पलटणीच्या वायरलेसवर होता, म्हणून त्याला सोबत नेलं. लिलावात मोठे सेटही होते. त्यांच्यावरून थेट तालुक्याच्या गावी, आर्वीपर्यंत बोलता आलं असतं, पण जीपची मागची सगळी जागा गेली असती.

“मंग शिकार का तुह्या मांडीवर ठेवू?” बबनराव म्हणाले, आणि त्यांनी लहान सेट उचलले. रूपरावलाही ते आवडले होते. सुटसुटीत, सीटखाली मावणारे, जीपच्या बॅटरीवर चालणारे. आवाज जेमतेम तळापर्यंत जायचा. पण तळाशी बोलायचं काय, तर कोंबड्या किती कापायच्या आणि पाहुण्यांचा बर्फ आला की नाही. ब्रह्मदेशात ज्या यंत्रावरून त्यानं जखमी माणसांसाठी मदत मागवली होती, तसल्याच यंत्रावर आता हे बोलायचं. त्याला वीट आला होता. तरी तो बोलत राहिला होता.

“मालक, डाक्तरसाहेब तळावर हायेत,” तो आता म्हणाला. “त्याइले बलावतो. ते मोटार घेऊन निघाले तं अर्ध्या वाटंत गाठ पडन.”

पाहुण्यांमध्ये नागपूरचे एक डॉक्टर होते. वाघाचा फोटो काढायला म्हणून ते खास आले होते.

“वाघ भेटला, एवढंच सांग,” बबनराव म्हणाले. “माणसाचं नोको काढू. त्याइचं जेवन चालू असन.”

रूपरावनं माईक हातात घेतला. त्याचं बटण दाबलं की इकडचं बोलणं तळावर ऐकू जाई, सोडलं की तिकडचं इकडे येई. तळावरचा सेट पाहुण्यांच्या टेबलावरच मांडलेला असे. त्यांना त्याची गंमत वाटायची. रूपरावनं बटण दाबलं आणि दाबूनच धरलं.

“मालक, बैलगाडीनं नेलं तं कवडू वाटंतच मरन,” तो म्हणाला. “तुमीच त्याले काठी देऊन झुडपात धाडलं.”

“धाडलं तं धाडलं. हे ऊन पाय. वाघाची कातडी खराब होऊन राह्यली. कवडूच्या कातडीचं मले का करा लागते?”

रूपरावनं बटण सोडलं. तळावर सगळ्यांनी ऐकलं होतं. आता कोणीतरी संतापेल, खुर्ची मागं सरकेल, डॉक्टर म्हणतील की हा निघालो. सेट नुसता खरखरत राहिला.

“ऐकलं, रूपराव,” अखेर डॉक्टरांचा आवाज आला. तोंडात घास होता. “त्या माणसाचं इकडे आणल्यावर बघू. वाघ किती फुटांचा आहे?”

बबनरावांचा चेहरा क्षणभर पडला होता, तो खुलला. “मोजून सांगतो म्हना,” असं म्हणून ते टेप घेऊन वाघाकडे गेले.

रूपरावनं माईक ठेवला. मग तो खाली उतरला. त्यानं आणि सोनबानं कवडूला उचललं आणि जीपच्या मागं, वाघासाठी अंथरलेल्या तरटावर निजवलं. सोनबा जखम दाबून त्याच्याजवळ बसला. टपाचा पडदा रूपरावनं खाली सोडला.

इंजिनाचा आवाज ऐकून बबनराव टेप टाकून धावले. तेव्हा हाकेवाले हलले. ते मुकाट्यानं बबनरावांच्या वाटेत येऊन उभे राहिले.

तळाच्या वाटेला लागल्यावर रूपरावनं पुन्हा माईक उचलला.

“डाक्तरसाहेब, नऊ फूट,” तो म्हणाला. “जीपमंदी घेऊनच निघालो. पन कातडी फाटली हाय. आत्ता शिवली नाई तं वाया जाईन. तुमची पेटी घेऊन वाटंतल्या नाल्यापाशी या.”

“निघालोच,” डॉक्टर म्हणाले. या वेळी खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

नाल्यापाशी मोटार आधीच येऊन थांबली होती. डॉक्टर पेटी उघडून, सुईत दोरा ओवूनच उभे होते. जीप थांबताच ते लगबगीनं मागं गेले आणि त्यांनी पडदा वर केला. सोनबानं जखमेवरचं धोतर बाजूला घेतलं.

डॉक्टरांनी वाकून जीपचा आतला कोपरान् कोपरा पाहिला.

“वाघ कुठं आहे?” मग त्यांनी विचारलं.

“मालक मोजून राह्यले,” रूपराव म्हणाला. “तुमी शिवा.”