एक सेकंद आधी

दवाखान्याच्या ऑपरेशनच्या ऑनलाइन अर्जावर ‘पाठवा’ हे बटण एकदाच दाबलं तरी नोंदी दोन पडत. त्यापायी एका आजोबांच्या एकाच डोळ्याला दोन तारखा लागल्या आणि एका आजींची हक्काची तारीख गेली.

तो अर्ज बनवणारी प्रोग्रामर बाई हट्टाला पेटली. एकदा दाबलं की बटण बंदच पडेल, अशी तजवीज तिनं केली. तरी नोंदी दोनच.

समोरच्या टेबलावर नोंदी बघणारी तिची वहिनी म्हणाली, “अगं, जादाची नोंद मागून येतच नाही. तू दाबायच्या एक सेकंद आधी येते.”

“येऊ दे. गाठ माझ्याशी आहे.”

तिनं अर्जातल्या शेऱ्याच्या रकान्यात ‘बादली’ लिहिलं, मग त्या नोंदीला चकवायला ते खोडून ‘शिडी’ लिहायचं ठरवलं. ती अजून खोडतच होती, तोच वहिनी म्हणाली, “शिडी आली.”

तिनं माउसची वायर उपटली, कीबोर्ड पालथा घातला आणि दोन्ही हात काखेत घालून बसली. “आता बघ कशी येते ते!”

“आली,” वहिनी म्हणाली. “शेऱ्यात लिहिलंय, ‘मी नाही दाबणार, काय करायचं ते कर.’”

नेमकं हेच वाक्य प्रोग्रामर बाईच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. मुद्दाम, दातांवर दात दाबून गप्प बसली. एक सेकंद गेला.

“मी नाही दाबणार,” पाठीमागच्या भिंतीकडून तिच्याच आवाजात कुणीतरी ठणकावलं, “काय करायचं ते कर.”