उल्केचा पंचनामा

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात पोलिसांवर दगडफेक झाली आणि लालबागच्या चाळीत सापडेल तो दगड जप्त झाला. त्यात वायंगणकर मास्तरांनी गावाहून आणलेली उल्काही गेली. सकाळपासून मास्तर चौकीमागच्या ढिगाऱ्यातला एकेक दगड लोहचुंबकाला लावून बघत होते. दुपारी एक चिकटला. “हवालदार, तिसऱ्यांदा सांगतो, हा आकाशातून पडलाय, पृथ्वीइतका जुना. संशोधक बघायला येणारेत.” “आमच्या टाळक्यात सगळे आकाशातूनच पडले,” हवालदार म्हणाला. “‘माझा दगड’ म्हणून सही करा, पुरावा म्हणून तो कपाटात राहील आणि तुम्ही कोठडीत. नाहीतर उद्या खडी होऊन रस्त्यात जाईल.” मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. नोकरी जाणार हे दिसतच होतं. तरी त्यांनी चिडून टाक उचलला आणि सही ठोकली. “आता त्याखाली लिहा,” ते म्हणाले, “पुराव्याला ओला हात लावायचा नाही. गंजेल.”