पळपुटा

"आता तरी ते कुलूप काढ की," फोरमन म्हणाले. "ज्याच्यासाठी लावलं होतं, तो गेला बिचारा."

बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बघू."

"बघू काय बघू? कुत्रा गेला, मी आहे अजून! कोपऱ्यावर जाऊन दाढीची पाती आणतो म्हटलं तर तेवढीही चोरी?"

दाराला आतून कुलूप होतं आणि किल्ली बायकोच्या कमरेला. खिडक्यांना जाळ्या. गच्चीच्या दाराची कडी तर पार वर, रेडकूचा पंजा पोचू नये म्हणून. ती काढायला बायकोलाही स्टुलावर चढावं लागायचं. एका कुत्र्यापायी अख्खं घर गजाआड गेलं होतं, असं फोरमनचं स्पष्ट मत होतं.

फोरमन छापखान्यातून निवृत्त झाले, त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने लेकीने हे धूड घरी आणलं. बंद पडलेल्या कुठल्याशा गोदामात साखळीने बांधून ठेवलेलं, हाडं वर आलेली. प्राणी सांभाळणाऱ्या लोकांनी सोडवलं होतं. डॉक्टरही म्हणे म्हणाले होते, घरात एखादं जनावर असू द्या. लेकीने चांगलंसं नाव ठेवलं होतं, पण फोरमननी बघताक्षणी "रेडकू आणलंस की गं!" म्हटलं आणि तेच चिकटलं.

आणि चिकटला तोही. फोरमन उठले की हा उठणार. ते मोरीत गेले तर हा बाहेर बसणार. बायकोने त्याच्या गळ्यात घंटी बांधली होती, गाईगुरांना बांधतात तसली. दारापाशी घंटी वाजली की ती हातातलं टाकून धावत यायची.

धावावं लागायचंच, कारण रेडकू एक नंबरचा पळपुटा. दार जरा उघडं राहिलं की स्वारी बाहेर, आणि फोरमन त्याच्यामागे घरातल्या सपातांवर. पहिल्या वेळी तर थेट छापखान्याच्या फाटकाशी पोचला. कुत्र्याला छापखान्यात काय काम? त्याने तो जन्मात पाहिला नव्हता!

"वास," फोरमननी घरी आल्यावर खुलासा केला होता. "इतकी वर्षं शाई मुरलीय माझ्या अंगात. त्या वासाने गेला गाढव."

रखवालदार मात्र येडा निघाला. कुत्र्याला धरायचं सोडून त्याने फोरमनना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि लेकीला फोन लावला.

पुढच्या वेळी दोघं आपापले घरी आले. येताना रेडकूने त्यांची बाही दातांत धरून वाटभर ओढलं. नवा शर्ट उसवला. घर मला माहीत आणि ओढतोय हा, म्हणून फोरमन दिवसभर धुमसत होते.

शेवटी शेवटी त्याचे मागचे पाय गेले. तरी सरपटत जायचा आणि दारातच आडवा पडायचा. "मरताना पण पळायचंच आहे का रे तुला?" फोरमन ओरडले, मग त्याच्याजवळ फरशीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. तेव्हापासून घर खायला उठलं होतं. पळपुटा असला तरी सोबत होती ती.

"माझे बूट कुठायत?" फोरमननी विचारलं. बूट कायम गायब असायचे. रेडकूने पळवले असतील, असं बायको म्हणायची.

लेक दुपारी आली होती, ती आईकडे वळली. "आई, तो होता तोवर निभलं गं. दर वेळी घरी तरी घेऊन यायचा."

"मी घेऊन यायचो त्याला," फोरमननी तिची चूक सुधारली. "बाहेर एकदा तरी मोकळं जाऊ द्या रे मला. जीव गुदमरतोय."

बायको उठली. स्टुलावर चढून तिने कपाटावरून बूट काढले.

"अरेच्चा! एवढ्या वर कसे ठेवले त्या रेड्याने?"

"बसा," ती म्हणाली. "मी घालते."

फोरमन खूश झाले. अखेर पाझर फुटला म्हणायचा! ती खाली बसून नाड्या बांधत राहिली, चांगला वेळ लावून. लेक खिडकीकडे तोंड करून उभी होती. शेवटी बायको डोळे पुसत बाजूला झाली, आणि फोरमन ताठ मानेने दाराकडे निघाले.

घंटी वाजली.

"रेडकू?" त्यांनी गर्रकन वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. ते आणखी एक पाऊल चालले, घंटी पुन्हा वाजली, आणि त्यांनी खाली आपल्या बुटाकडे पाहिलं.