सरळ फरशी

फरशीवर मांडलेल्या कॅरमबोर्डवर त्याच्या पाच सोंगट्या उरल्या होत्या, वहिनीची एकही नव्हती. “बोर्डच वाकडा आहे! प्रत्येक सोंगटी भोकापाशी येऊन उजवीकडे वळते,” तो करवादला. “नाचता येईना, अंगण वाकडं! भावोजी, हरलात म्हणा आणि मोकळे व्हा.” त्याने तिरमिरीत कामाच्या पिशवीतून उतार तपासायची लेव्हलची पट्टी काढून बोर्डवर ठेवली. काचेतला बुडबुडा डावीकडे सरकला. खात्रीसाठी बोर्ड अर्धा फिरवून पाहिला, तरी बुडबुडा डावीकडेच. म्हणजे उतार फरशीला होता, आणि ही फरशी गेल्या महिन्यात त्यानेच बसवली होती. तीच बघून वरच्या मजल्यावरच्या काकू उद्या त्याला काम देणार होत्या. “काय म्हणते पट्टी?” वहिनीने वाकून विचारले. त्याने काचेवर तळवा ठेवला. “बोर्ड सरळ आहे. मलाच खेळता येत नाही. आजपासून कॅरम बंद!” तळव्याखाली बुडबुडा रेघेपासून तीन मिलिमीटर डावीकडे होता.