नाव न घातलेलं पान

बाबांच्या हातात लाल पेन होतं. परदेशात एमएस करायला निघालेली गावातली सगळी पोरं अर्जासोबतची स्वतःची कहाणी त्यांच्याकडूनच तपासून घ्यायची. पक्षपात नको म्हणून कागदावर नाव घालायचं नाही, हा त्यांचाच नियम. आज मी माझं छापील पान त्या गठ्ठ्यात सरकवलं होतं.

एखादं पान आवडलं की ते आम्हाला मराठीत वाचून दाखवायचे. "ऐका गं दोघी. या पोरीनं सोसलंय बघा. बाप पट्ट्यानं मारायचा. असल्या जनावराला भर चौकात फोडून काढलं पाहिजे!" उंबऱ्याशी आई खलबत्त्यात लसूण ठेचत होती. तिचा हात थांबला.

"दहावीला गणितात दोन मार्क कमी पडले," बाबा पुढे वाचू लागले, "म्हणून त्यांनी पितळी बत्त्यानं माझं मनगट..."

त्यांनी माझ्या वाकड्या मनगटाकडे पाहिलं. मग केस धरून माझं डोकं टेबलावर आपटलं. नाकातलं रक्त पानावर सांडलं. ते पान चुरगळून त्यांनी माझ्या तोंडात कोंबलं. "खा! बापाची अब्रू विकतेस?"

त्यांनी पुन्हा हात उगारला आणि हाड मोडल्याचा आवाज आला. तो माझ्या चांगलाच ओळखीचा होता. पण या वेळी किंचाळले बाबा.

आईच्या हातातल्या बत्त्याला अजून लसूण चिकटलेला होता. तिनं माझ्या तोंडातलं पान काढलं, नीट उलगडलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं.

"वाचा पुढे," ती म्हणाली.