सात नंबरचा जोड

सातपूरच्या कारखान्यातलं फिल्म धुण्याचं मशीन सकाळीच बंद पडलं होतं. वेल्डिंगच्या जोडांचे चाळीस एक्स-रे हातानं धुऊन अबरारभाईंची कंबर धरली होती. पुढची फिल्म डेव्हलपरच्या द्रावणातून उचलून त्यांनी लाल दिव्यासमोर धरली. कोपऱ्यात वेल्डरचा सात नंबर, मधोमध केसाएवढा तडा. सात म्हणजे कारभारी, वीस वर्षांचा डब्याचा सोबती. आणखी एक जोड नापास झाला की त्याचं काम जाणार होतं. मशीननं फिल्म एव्हाना बाहेर फेकली असती. अबरारभाईंनी ती पुन्हा बुडवली आणि काळीठिक्कर होईपर्यंत काढलीच नाही. "कारभारी, माझ्या हातून फिल्म बिघडली," बाहेर येऊन ते म्हणाले. "तेवढा जोड घासून पुन्हा भर, मग परत एक्स-रे काढतो." कारभारीनं काळी फिल्म उन्हात धरली आणि ग्राइंडर उचलला. "भाई, तड्यावर खडूनं खूण करा. मला हल्ली दिसत नाय."